ज्यूल-एमिल पेआँ
ज्यूल-एमिल पेआँ (जन्म : मार्बुए, फ्रान्स, २९ नोव्हेंबर १८३०, मृत्यू : पॅरिस, जानेवारी १८९८) हे फ्रेंच शल्यचिकित्सक होते. खांद्याचा कृत्रिम सांधा मानवी शरीरात बसवणारे ते पहिले शल्यचिकित्सक मानले जातात.

जीवन व कार्य

पेआँ यांनी पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पुढे तेथील सेंट-लुई रुग्णालयात दीर्घकाळ काम केले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिनी दाबून धरणारा रक्तस्तंभक चिमटा त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र या चिमट्याच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून त्यांचा शल्यचिकित्सक कबेर्ले यांच्याशी वाद झाला. जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १८७९ मध्ये केली. तो रुग्ण काही दिवसांतच दगावला. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी १८९१ मध्ये त्यांना शस्त्रक्रिया करताना चित्रित केले. १८९३ मध्ये पेआँ यांनी स्वखर्चाने एक रुग्णालय स्थापन केले.

कृत्रिम खांदा

१८९३ मध्ये ३७ वर्षांचा एक पाव भाजणारा कारागीर त्यांच्याकडे आला. क्षयरोगाने त्याचा खांद्याचा सांधा पोखरला होता. अशा वेळी हात कापून टाकणे हाच रूढ उपाय होता. पण रुग्णाने त्यास नकार दिला. पेआँ यांनी रोगग्रस्त भाग काढून तेथे कृत्रिम सांधा बसवला. तो दंतवैद्य पोर्टर मायकेल्स यांनी तयार केला होता. भुजास्थीच्या जागी प्लॅटिनमची नळी आणि अस्थिशीर्षाच्या जागी पॅराफिनमध्ये उकळलेल्या कठीण रबराचा गोळा, अशी त्याची रचना होती. हाताची हालचाल बऱ्याच अंशी परत आली. तथापि क्षयाचा जंतुसंसर्ग पूर्णपणे नाहीसा झाला नाही आणि सुमारे दोन वर्षांनी सांधा काढावा लागला. प्रतिजैविके तेव्हा उपलब्ध नव्हती.

वारसा

या उपचाराला कायमचे यश लाभले नाही, तरी रोगट सांधा काढूनही हात वाचवता येतो, ही शक्यता त्यातून पुढे आली. १९५० च्या दशकात अमेरिकेतील चार्ल्स नीअर यांनी भुजास्थीच्या शीर्षासाठी धातूचा सांधा प्रचारात आणला. १९८५ मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी उलट्या रचनेचा सांधा तयार केला. त्यात गोळा खांद्याच्या फऱ्यावर व वाटी भुजास्थीवर असते. त्यामुळे खांदा फिरवणाऱ्या कंडरा झिजल्या वा फाटल्या असल्या, तरी खांद्यावरील त्रिकोणी स्नायूच्या बळावर हात उचलता येतो. अशा कंडरा वृद्धांमध्ये बरेचदा निकामी झालेल्या असल्याने हा सांधा त्यांना विशेष उपयुक्त ठरला आहे.