गळ्यातील मज्जातंतूला नाव देणारी गायिका

थायरॉईड ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून एक अतिशय बारीक मज्जातंतू स्वरयंत्राकडे जातो. जगभरातील शल्यचिकित्सक त्याला ‘गाल्ली-कुर्चीचा मज्जातंतू’ या नावानेही ओळखतात. हे नाव कोणा शास्त्रज्ञाचे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑपेराचे रंगमंच गाजविणाऱ्या आमेलिता गाल्ली-कुर्ची या गायिकेचे ते आहे. त्यांचे गाणे थांबल्यानंतर ही ओळख त्यांच्या वाट्याला आली.

आमेलिता यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८२ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. त्यांचे औपचारिक शिक्षण पियानोचे. मिलानच्या संगीत विद्यालयात त्यांनी त्यात प्रावीण्य मिळविले. त्यांनी गायनाकडे वळावे, असा आग्रह संगीतकार मास्कान्यी यांनी धरला. गळा मात्र त्यांनी बव्हंशी स्वतःच घडविला. गायनकलेवरील जुने ग्रंथ वाचायचे, इतर गायिकांना बारकाईने ऐकायचे आणि पियानोचे धडे गळ्यातून गाऊन पाहायचे, असा त्यांचा रियाज होता. १९०६ मध्ये त्रानी या गावी व्हेर्दी यांच्या ‘रिगोलेत्तो’मधील जिल्दाच्या भूमिकेत त्यांनी पदार्पण केले.

दहा वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९१६ रोजी, आपल्या चौतिसाव्या वाढदिवशीच त्या शिकागोत प्रथम गायल्या. भूमिका पुन्हा जिल्दाचीच होती. अमेरिकेत त्यांचे नाव तेव्हा फारसे कोणी ऐकलेले नव्हते. त्या एका प्रयोगाने चित्र पालटले. तारसप्तकात सहज फिरणारा हा हलका, चपळ आवाज ध्वनिमुद्रिकांमधून घरोघरी पोहोचला. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये ‘ला त्राव्हियाता’तील व्हायोलेत्ता साकारून त्यांनी कीर्तीचे शिखर गाठले. त्याच वर्षी त्यांचे साथीदार पियानोवादक होमर सॅम्युएल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या परमहंस योगानंद यांच्या शिष्या झाल्या. योगानंदांच्या ‘व्हिस्पर्स फ्रॉम इटर्निटी’ या पुस्तकाला त्यांची प्रस्तावना आहे.

या यशाच्या आत एक दुखणे वाढत होते. गळ्यातील गलगंडाचा आकार वाढत होता आणि वरचे स्वर अचूक लागेनासे झाले होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी ऑपेराचा रंगमंच सोडला व केवळ मैफलींवर लक्ष केंद्रित केले. अखेर ऑगस्ट १९३५ मध्ये शिकागोत गलगंडाची शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. ज्या अवयवावर सारी कारकीर्द उभी होती, त्याच्याच शेजारी शस्त्र चालणार होते. आवाजाला धक्का लागू नये म्हणून केवळ स्थानिक भूल देण्यात आली. जागा असलेला रुग्ण बोलू शकतो, त्यामुळे आवाजातील बदल तत्काळ लक्षात येतो.

ही धास्ती अनाठायी नव्हती. थायरॉईडच्या मागून जाणारा एक मज्जातंतू स्वरतंतूंची बहुतेक हालचाल सांभाळतो. त्याला इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंना झाल्यास श्वासावरही बेतते. ग्रंथीच्या वरच्या बाजूचा दुसरा तंतू स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला चालना देतो. ग्रंथीला रक्त पुरविणाऱ्या धमनीला तो इतका लगटून असतो, की धमनी बांधताना तोही सापडण्याचा धोका असतो. तो दुखावला तर बोलणे जवळजवळ पूर्ववत राहते, पण उंच स्वर लागत नाहीत. सामान्य माणसाला हा बदल जाणवणारही नाही. गायकाचे मात्र सर्वस्व जाते.

२४ नोव्हेंबर १९३६ रोजी गाल्ली-कुर्ची शिकागोच्या ऑपेरामंचावर परतल्या. या वेळी त्यांनी पुचीनी यांच्या ‘ला बोहेम’मधील मिमीची भूमिका निवडली. तिच्यात जिल्दासारखी चपळ तानबाजी नाही. तरीही पूर्वीचा आवाज उरला नसल्याचे श्रोत्यांना कळून चुकले. ऑपेरातील तो त्यांचा अखेरचा प्रयोग ठरला. पुढे वर्षभर काही मैफली करून त्यांनी निवृत्ती पत्करली.

शस्त्रक्रियेत वरचा तंतू दुखावला आणि एक महान आवाज हरपला, ही कथा मग वैद्यकीय वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मात्र २००१ मध्ये ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने तिला आव्हान दिले. तत्कालीन समीक्षा आणि शल्यचिकित्सकाच्या नातेवाइकांच्या आठवणी पडताळून, आवाजाच्या ऱ्हासाचे कारण ती इजा नसावी, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. उतरण आधीच सुरू झाली होती आणि पुनरागमनाच्या वेळी त्यांनी वयाची चौपन्न वर्षे पूर्ण केली होती.

दंतकथा डळमळीत झाली, तरी तिने दिलेला धडा खोटा ठरला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्वरतंतू तपासणे, वरची धमनी ग्रंथीला अगदी लागून बांधणे, तंतू शोधून जपणे ही काळजी आज घेतली जाते. सौम्य विद्युतप्रवाहाने तंतूचे कार्य तपासणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. धोका त्यामुळे कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. म्हणूनच गायक, शिक्षक वा वकील यांसारख्या आवाजावर उपजीविका असणाऱ्यांशी शल्यचिकित्सकाने त्याबद्दल आधीच स्पष्ट बोलणे अगत्याचे असते.

गाल्ली-कुर्ची यांनी उर्वरित आयुष्य कॅलिफोर्नियात शिष्यांना गाणे शिकविण्यात घालविले. २६ नोव्हेंबर १९६३ रोजी ला होया येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा ऐन बहरातला आवाज ध्वनिमुद्रिकांत आजही ऐकायला मिळतो.