झाडीच्या मुलखातला भवभूती

धानाची कापणी आटोपली, खळी रिकामी झाली, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांना नाटकाचे वेध लागतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडसा म्हणजेच देसाईगंज येथे नाट्यमंडळांनी आपली ठाणी मांडलेली असतात. तेथून कंपन्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या भागांतील गावोगाव जातात आणि उजाडेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाला पंचक्रोशी लोटते. करुण प्रसंगाला डोळे पुसणारा प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात पोट धरून हसतो. शहरातील नाट्यरसिकांनी या रंगभूमीकडे बरीच वर्षे नाक मुरडूनच पाहिले. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे अनेकांना झाडीपट्टी हा शब्द प्रथम ऐकू आला.

या झाडीपट्टीच्या उत्तर टोकाला, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ पद्मपूर नावाचे गाव आहे. संस्कृत नाटककारांत ज्याचे नाव कालिदासाच्या जोडीने घेतले जाते तो भवभूती पद्मपूरचा. नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने आपले गाव दक्षिणापथातले, विदर्भातले असल्याचे नमूद केले आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचेच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे.

इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात तो होऊन गेला. घराणे उदुंबर नावाचे, काश्यप गोत्राचे, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे. पूर्वजांपैकी एकाने वाजपेय यज्ञ केलेला. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. त्याचे स्वतःचे नाव श्रीकंठ असेही सांगितले आहे. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत तो निष्णात होता. अशा घरातल्या मुलाने अग्निहोत्र सांभाळावे, शिष्य पढवावेत, हीच अपेक्षा असणार. परंतु याच्या मैत्रीचे धागे जुळले ते नटांशी. नटांविषयी आपल्याला निसर्गतःच स्नेह वाटतो आणि त्या स्नेहापोटीच आपण आपली कृती त्यांच्या हाती दिली, असे तो सूत्रधाराच्या तोंडून सांगतो. धर्मशास्त्राने नटाला फारसा मान दिलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कबुलीचे मोल कळते.

त्याची तिन्ही नाटके, महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित, कालप्रियनाथाच्या यात्रेच्या निमित्ताने रंगमंचावर आली, असे त्यांच्या प्रस्तावना सांगतात. हे कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल असे काहींचे मत, तर यमुनाकाठचे काल्पी असे मिराशींचे. ठिकाण कोणतेही असो, नाटक व्हायचे ते यात्रेच्या गर्दीत. वडशाच्या कंपनीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भवभूतीची ख्याती आहे ती करुण रसाचा कवी म्हणून. सीतेच्या विरहाने पाषाणालाही पाझर फोडणारा हा कवी हसणार कसला, असा एक समज रूढ झाला. त्याला एक कारणही आहे. संस्कृत शृंगारप्रधान नाटकांत राजाचा खादाड, बावळट मित्र विदूषक हसवण्याची जबाबदारी घेतो. भवभूतीच्या एकाही नाटकात तो नाही. ज्या मालतीमाधवात त्याला हक्काची जागा होती तेथूनही त्याने त्याला गाळले. टीकाकारांनी याचा अर्थ असा लावला, की या गंभीर पंडिताला विनोदाचे वावडेच होते. हे मत उतावळेपणाचे आहे, असे मालतीमाधव वाचताना वारंवार वाटते.

दहा अंकांच्या या नाटकाचा नायक माधव विदर्भातल्या कुंडिनपुराचा, अमात्य देवराताचा मुलगा. न्यायशास्त्र शिकायला तो पद्मावती नगरीत येतो आणि तेथील अमात्य भूरिवसू याची कन्या मालती हिच्यावर त्याचे मन जडते. दोघांचे वडील सहाध्यायी. मुले झाली तर सोयरीक करायची, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरवलेले. मात्र पद्मावतीच्या राजाला मालती आपल्या नंदन नावाच्या मर्जीतल्या माणसाला द्यायची आहे. राजाला नकार द्यावा तर संकट, होकार द्यावा तर वचनभंग. भूरिवसू उत्तर देतो ते मोठे धूर्त आहे. आपल्या मुलीवर महाराजांचीच सत्ता, असे तो सांगतो. आता आपल्या म्हणजे कोणाच्या? राजाने त्याला संमती समजावे, पण शब्दशः पाहता राजाची सत्ता राजाच्याच मुलीवर ठरावी. मराठीतही हा श्लेष जसाच्या तसा उतरतो.

पुढची सूत्रे कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी हलवते. संसार सोडलेल्या बाईने दुसऱ्यांचे संसार जुळवण्यासाठी एवढी धावपळ करावी, ही कल्पनाच मिस्कील आहे. माधवाचा मित्र मकरंद, नंदनाची बहीण मदयंतिका हिला पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघापासून वाचवतो आणि दुसरी प्रेमकथा सुरू होते. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्या वाचकाला हा प्रसंग फार अद्भुत वाटणार नाही. मधल्या काळात माधव स्मशानात जातो आणि देवीपुढे बळी देण्यासाठी पळवून आणलेल्या मालतीला अघोरघंट कापालिकाच्या हातून सोडवतो. तो अंक भयानक आहे. पण त्यानंतर लगेच भवभूती हसतो.

लग्नाच्या दिवशी देवळात मालतीचा वधूवेष मकरंद अंगावर चढवतो आणि नंदनाचे लग्न लागते ते या दाढीमिशांच्या वयातल्या नवरीशी. रात्री नवरदेव लाडीगोडीने जवळ जातो आणि नवरीच्या हातचा मार खाऊन संतापाने निघून जातो. भावजयीची कानउघाडणी करायला मदयंतिका येते. नवरी पांघरूण घेऊन झोपल्याचे सोंग करते. मैत्रिणी मदयंतिकेला बोलते करतात आणि मकरंदावरचे आपले प्रेम ती त्याच्याच उशाशी बसून उघड करते. मग पांघरूण दूर होते. पुरुषाने स्त्रीवेष घेऊन केलेली ही फजिती झाडीपट्टीच्या दंडारीत सहज खपली असती. त्यातली खुबी अशी, की इथे कोणी मुद्दाम विनोद करत नाही. प्रेमात पडलेल्या माणसांची जी तारांबळ उडते तीच हसवते. विदूषकाची गरज उरत नाही.

उत्तररामचरितातही हे हसू आहे. पहिल्या अंकात चित्रे पाहताना सीता ऊर्मिलेच्या चित्राकडे बोट दाखवून ही कोण, असे लक्ष्मणाला विचारते आणि तो बिचारा लाजून चित्र पुढे सरकवतो. चौथ्या अंकात पाहुणे आल्याने अभ्यासाला सुटी मिळाली म्हणून आश्रमातले शिष्य खूश आहेत. त्यातल्या एकाला वसिष्ठांचे जेवण पाहून हा वाघ की लांडगा, असा प्रश्न पडला होता. वाजपेययाजी घराण्यातला माणूस वैदिक पाहुणचारावर असा विनोद करतो, तेव्हा त्याला सोवळा पंडित म्हणणे कठीण जाते. आणि याच नाटकात दंडकारण्यात परतलेला राम जुन्या वाटा ओळखत हिंडतो. गडचिरोलीचे जंगल परंपरेने त्याच दंडकारण्यात मोजले जाते.

हयातीत त्याची उपेक्षा झाली असावी. आपली निंदा करणाऱ्यांसाठी हा खटाटोप नाही, काळ अमर्याद आहे, पृथ्वी मोठी आहे, आपल्या जातकुळीचा कोणी तरी जन्मेल, असे त्याने मालतीमाधवाच्या प्रारंभीच लिहून ठेवले. उत्तर आयुष्यात कनौजच्या यशोवर्म्याचा आश्रय मिळाला. तेथे प्राकृत कवी वाक्पतिराजाने आपल्या काव्यात त्याचे ऋण मान्य केले. पुढे काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याला जिंकले, त्या वृत्तान्तात कल्हणाने या दोन्ही कवींची नावे घेतली आहेत. सुमारे दीडशे वर्षांनी त्याच कनौजात राजशेखर आला. त्याचे घराणेही महाराष्ट्रातले. आपण पूर्वजन्मी भवभूती होतो, असे त्याने बेधडक जाहीर केले.

मराठी रंगभूमीने 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाला डोक्यावर घेतले, देवलांच्या मृच्छकटिकावर प्रेम केले. मालतीमाधव कृष्णशास्त्री राजवाडे यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणले होते, पण रंगमंचावर तेवढे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. वडशाहून आमगाव फार दूर नाही. एखाद्या कंपनीने मकरंदाच्या लग्नाचा तो एक प्रवेश जरी झाडीबोलीत बसवला, तरी पहाटेपर्यंत कोणी जागचे उठणार नाही.