हिस्लॉपसाहेब आणि टाकळीचे शंख

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव आपल्या मंडळ्यांतून पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्यांच्या नावाने ते १८८३ मध्ये निघाले, ते रे. स्टीफन हिस्लॉप दगडांचेही मोठे जाणकार होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

स्कॉटलंडातील डन्स गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस पत्नीसह मुंबईस उतरले व १८४५ च्या प्रारंभी नागपुरास आले. मराठी शिकले, शाळा काढली, गावोगाव उपदेश केला. वाटेने जाताना त्यांची नजर कडेच्या खडकांवरही असे.

१८५१ मध्ये नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रे. रॉबर्ट हंटर यांना खडकात गोड्या पाण्यातले शंख आढळले. काळ्या फत्तराच्या मुलखात शंख! पुढे अशाच थरांतून माशांचे खवले, किड्यांचे टणक पंख, फळे व बिया, सारे दगड झालेले, निघत गेले. लाव्ह्याचा एक लोट निवल्यावर वर तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि पुढच्या लोटाखाली गाडले गेले, असा आज त्याचा अर्थ लावतात. या थरांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे धरतात. हिस्लॉप यांनी ते याहून बरेच अलीकडचे मानले होते. तो अंदाज चुकला. पण शंख गोळा करून, नीट नोंदून लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे मांडले म्हणूनच पुढच्यांना तो सुधारता आला.

नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हंटरसाहेब मायदेशी परतले. हिस्लॉप मात्र शाळा, उपदेश आणि दगड सांभाळीत राहिले. गोंड लोकांत फिरून त्यांची भाषा, चालीरीती व लिंगोची गाथाही ते टिपून ठेवीत होते. मला तर हे काम शंखांहून मोलाचे वाटते, कारण शंख खडकात टिकले असते, तोंडची गाथा टिकली असतीच असे नाही.

पण ते लिखाण पुरे व्हायचे नव्हते. सप्टेंबर १८६३ मध्ये मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहावयास गेले. ४ तारखेस परतताना पाण्याने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. शेचाळीस पुरी व्हायला चार दिवस उरले होते. त्यांचे गोंडांविषयीचे कागद टेंपल यांनी जुळवून १८६६ मध्ये छापले.