डॉ. राजा रामण्णा : युरेनियम निम्मं-निम्मं का फुटत नाही?

राजा रामण्णा म्हटलं की पोखरणच आठवतं ना? १८ मे १९७४ ची अणुचाचणी त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. पण त्यांच्या संशोधनातला एक प्रश्न आपल्या कोंढ्याच्या वर्गातही फळ्यावर मांडता येतो.

रामण्णांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात झाला. लंडनहून पीएच.डी. करून ते १९४९ मध्ये डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पियानोही छान वाजवायचे. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि विखंडनाच्या प्रयोगांसाठी घरचेच न्यूट्रॉन मिळू लागले.

आता समीकरण बघा. युरेनियम-२३५ एक न्यूट्रॉन घेतो, २३६ होतो. निम्मे केले तर ११८-११८. पण आपण लिहितो बेरियम १४१, क्रिप्टॉन ९२ आणि ३ न्यूट्रॉन! केंद्रक नुसता पाण्याचा थेंब असता, तर वाटे सारखे पडायला हवे होते. पण आत प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांत बसतात. ५० किंवा ८२ झाले की कवच भरतं आणि तो तुकडा जास्त स्थिर होतो.

मुलांना कबड्डीवरून सांगा. दोन गट आपसांत गडी बदलतायत. एका गटात सात पुरे झाले, की तो गट सहजासहजी गडी सोडत नाही. रामण्णा आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात साधारण असाच विचार मांडला : तुटण्याआधी दोन्ही भाग कणांची देवाणघेवाण करतात आणि त्यातून लहान-मोठे वाटे ठरतात.

पुढे मुंबईत पेलेट्रॉन हे त्वरक यंत्र आलं. त्यात जड आयन वेगाने लक्ष्यावर आदळवतात. अशा टकरीत केंद्रक फार तापलं, की कवचांचा प्रभाव ओसरतो आणि वाटे निम्म्याकडे झुकतात. म्हणजे तेच केंद्रक, पण थंड असताना वेगळं फुटतं, तापल्यावर वेगळं!

२४ सप्टेंबर २००४ ला रामण्णा गेले. बॉम्बशी जोडलेलं त्यांचं नाव पुसता येणार नाही, पुसूही नये. त्यावर वर्गात चर्चा होऊ द्या. मात्र समीकरण पाठ करून घेण्याआधी मुलांना एवढं विचारा : ११८-११८ का नाही? उत्तर लगेच सांगू नका. थोडं झगडू द्या त्यांना.