शरणपूरचा याकोब वेनराइट

ठाणे, कल्याण आणि तेथून कसारा घाट चढून नाशिक, ही वाट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकेतील मुले मुंबईहून याच वाटेने नाशकास जात, आणि मोठी झाल्यावर याच वाटेने उतरून मायदेशाच्या जहाजावर चढत. त्यांपैकी एकाचे नाव जगभर झाले. त्या याकोब वेनराइटचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो. घरादारास मुकलेला तरुण परत आला म्हणजे त्याच्या हातास नेकीचे काम कसे मिळावे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांपुढे आजही उभा आहे, आणि त्याविषयी या चरित्रापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

याकोब हा न्यासा सरोवराकडील याव जातीचा. तो प्रदेश आज मलावी व त्याच्या शेजारच्या देशांत मोडतो. योसेफाप्रमाणे हाही बाळपणीच विकला गेला. गुलामांची गलबते पकडण्यास इंग्रजी लढाऊ जहाजे समुद्रावर फिरत असत. त्यांनी याची सुटका केली. अशी सोडविलेली पुष्कळ मुले मुंबईस उतरविली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशकाजवळ शरणपूर नावाचे ख्रिस्ती गाव वसविले होते. तेथे 1860 च्या सुमारास या मुलांसाठी आश्रम निघाला. मुलांस लिहिणे-वाचणे व पवित्र शास्त्र शिकवीत. त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही शिकवीत. याकोबाचा बाप्तिस्मा येथेच झाला, व तो इंग्रजी चांगले लिहू लागला.

प्रसिद्ध प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी 1865 मध्ये हा आश्रम पाहिला, आणि पुढील वर्षी तेथील नऊ तरुण बरोबर घेऊन ते आफ्रिकेत गेले. 1872 मध्ये स्टॅन्ले यांनी झांझिबारहून डॉक्टरांच्या मदतीस एक टोळी पाठविली, तीत याकोब होते. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबिया देशातील चितांबो या गावी, डॉक्टर प्रभूमध्ये निजले. सुसी व चुमा हे जुने सेवक टोळीचे पुढारी होते. त्यांनी व सोबत्यांनी डॉक्टरांचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रेतक्रियेची प्रार्थना याकोबांनी वाचली, आणि त्या झाडावर डॉक्टरांचे नाव त्यांनीच कोरले. नंतर मीठ लावून व उन्हात सुकवून तो देह त्या मंडळीने हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकाठी बागामोयो येथे आणिला. तो फेब्रुवारी 1874 चा महिना होता. वाटेत ताप, उपासमार व शत्रू यांनी त्यांस गांजले, तरी त्यांनी भार खाली ठेविला नाही.

तेथून देहाबरोबर इंग्लंडास जाण्यास त्या आफ्रिकी सेवकांतून एकटे याकोब निघाले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठमोठ्या लोकांबरोबर शवपेटीस त्यांचाही हात लागला. नंतर गावोगावी सभा भरल्या व लोकांनी या तरुणास डोळे भरून पाहिले. विकला गेलेला मुलगा राजांच्या कबरस्थानी सन्मानाने उभा राहिला, हे देवाचेच करणे होय.

परंतु चरित्र येथे संपत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस याकोब रेव्ह. प्राइस यांच्याबरोबर मोंबासाकडे आले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावाने तेथे 1875 मध्ये फ्रियर टाऊन ही वस्ती उभी राहिली. शरणपुरातील बहुतेक आफ्रिकी मंडळी तेथे गेली. नव्याने सोडविलेल्या गुलामांस शिकविणे, घरे बांधणे, भात्यावर लोखंड तापविणे, ही कामे शरणपूरकरांच्या हाती आली. याकोबही प्रथम तेथे शिक्षक होते; परंतु तेथे ते फार काळ राहिले नाहीत. पुढे ते आतल्या मुलखात गेले, आणि 1892 मध्ये उरांबो येथे ते वारले. ज्यांना हजारोंनी पाहिले होते, ते जगाच्या दृष्टीआड होऊन गेले.

याच्या उलट शरणपूरचेच विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांची गोष्ट पाहा. ते 1864 मध्येच मोंबासाजवळच्या राबाई येथे गेले होते. त्यांची कोठे मिरवणूक निघाली नाही. त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि 1885 मध्ये त्यांस दीक्षा मिळाली. पळून आलेल्या गुलामांस जोन्स यांनी आसरा दिला. 1 जानेवारी 1889 रोजी अशा चौदाशेंवर मनुष्यांची कायमची मुक्तता झाली.

आम्ही याकोबांस दोष देत नाही. इतक्या मोठ्या सन्मानानंतर त्यांच्यासाठी कायमची जागा कोण राखून ठेवीत होते, हा प्रश्न आम्ही सोडविणाऱ्यांसच विचारितो. सुटका एका दिवसात होते, टाळ्या एका घटकेत वाजतात. परंतु मनुष्य रुजावयास वर्षे लागतात, व त्या वर्षांत त्याच्याजवळ कोणी तरी उभे राहावे लागते. फाळणीनंतर कल्याणाजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ती वस्ती टिकली, कारण तेथील माणसांनी दुकाने व कारखाने उभे करून स्वतःच्या हातांस काम दिले.

आता आपल्याकडे पाहा. ठाणे जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. 2020 च्या टाळेबंदीत हजारो मजूर नाशकाच्या रस्त्याने पायी निघाले होते. असा तरुण गावी आला म्हणजे उपदेशकाने प्रार्थना करावी, हे योग्यच. परंतु त्याला कोणते काम येते, हेही त्याच दिवशी विचारावे. मंडळीतील सुताराने, गवंड्याने किंवा तारतंत्र्याने त्याला हाताखाली घ्यावे, आणि आठवड्याचा रोज त्याच्या हातात मोजून द्यावा. त्याने मुकादमाची उचल घेऊ नये म्हणून अडीअडचणीत मंडळीने आधी हात पुढे करावा. उचलीपायी माणूस बांधून ठेवणे 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यास समजावून सांगावे. आणि पहिल्या पगारानंतर त्यास विसरू नये. वर्षभराने, दोन वर्षांनीही त्याच्या दारी जावे. पौलाने अनेसिमास परत पाठविले, तेव्हा त्याला घरात बंधू म्हणून जागा मिळावी अशी फिलेमोनाकडे आधी रदबदली केली. आपणही आपल्या परत आलेल्या मुलांसाठी तसेच करावे, आणि देव त्यासाठी आपल्या मंडळ्यांस सामर्थ्य देवो.