रंगामागचे दुःख

नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व यांचा जन्म २६ जून १८८८चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. स्त्रीभूमिकांत त्यांची रंगभूषा, वेशभूषा इतकी सहज शोभे की त्यांची साडी नेसण्याची, गजरा माळण्याची ढब घरंदाज स्त्रियांनीही उचलली.

१२ मार्च १९११. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची चिमुकली मुलगी दगावली. तरीही प्रयोग रद्द झाला नाही. चेहऱ्याला रंग लावून ते उभे राहिले. प्रेक्षकांना दिसली ती श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी.

१५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. रंगभूषेला निव्वळ नटवेपणा म्हणताना ती रात्र आठवावी.