लक्ष्मीबाई टिळक

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर बाईविषयी लिहा असे मंडळाने सांगितले, तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकच आठवल्या. मी निदान सातवी शिकले. त्यांना तर शाळाच मिळाली नाही.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला, गोखल्यांच्या घरी. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! धुतल्यावर मीठ उरणार किती, ते आपण बायकाच जाणतो. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले.

१८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाईंच्या पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडला. रडून रडून प्रकृती खालावली. काही दिवस पंढरपुरात काढले. टिळक कवी मोठे, भक्तही मोठे. तरी बायकोला असे मागे टाकून जाणे मला काही पटत नाही.

काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, त्या सोवळ्यासकट. पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांनी मात्र जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्याकडून फार चांगले झाले. बाईंचा विचार आपला आपण चालला होता. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असे मनाने घेतल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी वागणूक बदलली, धर्माचे नाव मागून आले.

तेवढ्याने सारे संपले नाही. ज्यांना परक्याचा स्पर्श सोसत नव्हता, त्यांनीच पुढे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, परक्यांची मुले आपल्या घरात वाढवली. बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. टिळक हाती येईल ते देऊन टाकीत, आणि चूल पेटवायची बाईंनी! त्यावरून भांडणेही होत. स्वभावाचा फटकळपणा काही गेला नाही. मला तर तो गेला नाही हेच बरे वाटते.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. पन्नाशी उलटलेल्या या बाईंनी त्याचे पुढचे बहुतेक अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली त्या गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या मागे छापला गेला.

मंडळाच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ आहे. पुठ्ठा सुटला आहे, पण पाने सगळी आहेत.